गेममधून शिकवणं आणि गेमसारखं शिकवणं

‘मी वर्गात गेम वापरतो’ असं दोन शिक्षक म्हणाले, तरी दोघं एकच काम करत असतील असं नाही. एकाची मुलं ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’मध्ये रॉकेट उडवत असतात, दुसऱ्याच्या वर्गात ‘कहूट’वर प्रश्नमंजूषा रंगलेली असते. पहिल्याला गेम-बेस्ड लर्निंग म्हणतात, दुसऱ्याला गेमिफिकेशन. कल्ला दोन्हीकडे सारखाच, म्हणून दोन्ही सर्रास एकाच खात्यात जमा होतात.

ओळखायची युक्ती सोपी आहे. गुण, बॅज, क्रमवारी मनातल्या मनात काढून टाका आणि काय उरतं ते बघा. कहूटमध्ये उरते पर्यायी उत्तरांची चाचणी, जी कागदावरही घेता आली असती. कर्बलच्या सँडबॉक्स, म्हणजे मोकळेपणी खेळायच्या प्रकारात मुळात गुणांसाठी खेळायचंच नसतं. तिथे उरतं ते गुरुत्वाकर्षण.

समजा, एकाच कक्षेत अवकाशस्थानक पुढे आहे आणि आपलं यान मागे. ते गाठायला मूल साहजिकच वेग वाढवतं. पण वेग वाढला की कक्षा मोठी होते, एका फेरीला जास्त वेळ लागतो आणि स्थानक आणखी पुढे निघून जातं. दोन-तीनदा असं फसल्यावर कुणीतरी वैतागून उलटं करून बघतं: वेग कमी करतं, यान खालच्या कक्षेत उतरतं, फेरी लवकर पूर्ण होते आणि अंतर घटू लागतं. कक्षा जितकी मोठी तितका फेरीला वेळ जास्त, हा केप्लरचा तिसरा नियम फळ्यावर लिहून ही चकित होण्याची वेळ येत नाही. इथे धडा आणि खेळाचा नियम वेगळे काढताच येत नाहीत.

ही कल्पना नवी नाही. ‘ओरेगॉन ट्रेल’ हा संगणकावरचा गेम 1971 मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या एका इतिहासाच्या वर्गासाठी तयार झाला, तोही पडद्याविना. टेलीटाइप यंत्र कागदावर मजकूर छापायचं. पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबाने पैसे बैलांवर घालवायचे की अन्नावर, हे मुलांनी ठरवायचं. मात्र गेमचे नियम कुणाच्या तरी नजरेतून लिहिलेले असतात. इथे मुलं कायम वसाहतवाल्यांच्या गाडीत बसलेली. ज्यांच्या भूमीतून ती गाडी चालली त्या मूलनिवासींच्या बाजूने खेळायची सोयच नव्हती. यावर पुढे बरीच टीका झाली, आणि ती रास्त होती.

गेमिफिकेशनला मात्र मी सरसकट नावं ठेवणार नाही. पाढे, शब्दार्थ, मूलद्रव्यांच्या संज्ञा अशा घोकूनच पक्क्या होणाऱ्या गोष्टींना ते झकास चालतं, आणि तयारीही फारशी लागत नाही. घोळ होतो तो वेगाला गुण दिले की. प्रश्न पुरता न वाचताच बोटं बटणाकडे धावतात. कहूटमध्ये वेगाचे गुण बंद करता येतात. ते जरूर करावेत.

बक्षिसाचंही तसंच. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा 1973 चा प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्र काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना ‘चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असं आधी सांगितलं. नंतर मोकळ्या वेळात या मुलांनी, बक्षीस न मिळालेल्यांच्या तुलनेत, साधारण निम्माच वेळ चित्रांना दिला. गंमत म्हणजे ज्यांना तेच प्रशस्तिपत्र अचानक दिलं, त्यांची आवड घटली नाही. म्हणून जे मूल आपणहून वाचतंय त्याला पानागणिक बॅज कबूल करण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

खऱ्या गेमची अडचण वेळेची आहे. लॉगिन आणि बटणं समजण्यातच तास संपतो. त्यावर एक तोडगा आहे: कर्बल एकाच संगणकावर, प्रोजेक्टरवर लावायचा. इंजिन पेटवण्याआधी प्रत्येकाने यान स्थानकाच्या जवळ जाईल की लांब, हे वहीत कारणासह लिहायचं, आणि मगच बटण दाबायचं.