मागील आस, बदली (पिकअप ट्रक)

जुन्या पिकअप ट्रकचा कारखान्यातून आलेला मागील आस काढून त्याच्या जागी अधिक भार आणि अधिक पीळ (फिरविणारा जोर) सोसणारा दुसरा आस बसविण्याची प्रथा. ती मुख्यतः अमेरिकेत रूढ असून १९५० ते १९८० या काळातील अर्धा टन वर्गाच्या (नाममात्र अर्धा टन ओझ्याच्या) ट्रकांच्या बाबतीत विशेष आढळते. बैलगाडीच्या आखावर केवळ वजन येते. मोटारीचा मागील आस मात्र वजन पेलतो, एंजिनाचा पीळ काटकोनात वळवून चाकांना देतो आणि वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतो. म्हणून मूळचे सहा सिलिंडरांचे एंजिन काढून मोठे एंजिन बसविले किंवा मागे जड ट्रेलर जोडला, तर याच भागाची कसोटी लागते.

आसाची ताकद सामान्यतः क्राऊन व्हीलच्या, म्हणजे आसातील मोठ्या दातेरी चक्राच्या, व्यासावरून सांगतात, पण प्रचलित नावे फसवी आहेत. फोर्डच्या ‘नऊ इंची’ आसात व्यास खरोखर ९ इंच असतो. डाना कंपनीच्या ‘डाना ६०’ मधील ६० हा आकडा व्यास दाखवीत नाही, तेथे व्यास ९.७५ इंच आहे. जनरल मोटर्सचे आस मागच्या झाकणाच्या बोल्टांच्या संख्येने ओळखले जातात आणि ‘१४ बोल्ट’ या एकाच नावाखाली ९.५ व १०.५ इंचांचे दोन अगदी भिन्न आस येतात. जुन्या सामानाच्या बाजारात केवळ बोल्ट मोजून आस निवडणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

फोर्डचा नऊ इंची आस १९५७ च्या प्रतिमानांबरोबर (मॉडेलांबरोबर) आला असे मानतात. ती प्रतिमाने १९५६ च्या शरद ऋतूत विक्रीस आल्यामुळे दोन्ही वर्षांचे उल्लेख संभवतात. प्रतिमानवर्ष धरणे अधिक सयुक्तिक आहे. त्याचे उत्पादन १९८६ च्या सुमारास थांबले. डाना ६० साधारणपणे १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून वापरात आहे. नऊ इंची आसाच्या मजबुतीचे कारण काय, याविषयी दोन मते आहेत. या आसात पिनियनचा, म्हणजे क्राऊन व्हीलला फिरविणाऱ्या लहान दातेरी चक्राचा, अक्ष क्राऊन व्हीलच्या मध्यापासून सुमारे २.२५ इंच खाली असतो, तर डाना ६० मध्ये हे अंतर सुमारे १.१२५ इंच आहे. अंतर वाढले की पिनियन जाड करता येतो व एका वेळी अधिक दात एकमेकांत गुंततात. म्हणून काही जण सारे श्रेय या रचनेला देतात. परंतु त्याच अंतरामुळे दातांचे एकमेकांवरील घसरणे वाढते, तेल तापते आणि शक्तीचा काही अंश वाया जातो. दुसऱ्या मतानुसार खरे श्रेय पिनियनच्या आतल्या टोकाला आधार देणाऱ्या तिसऱ्या बेअरिंगला आहे. हे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण जोर पडताच दातांमधील दाब पिनियनला क्राऊन व्हीलपासून दूर लोटतो आणि दोन्ही बाजूंनी धरलेला पिनियन हटत नसल्याने दातांचा संपर्क कडेला सरकत नाही. १०.५ इंची १४ बोल्ट आसातही असे तिसरे बेअरिंग आहे.

क्राऊन व्हीलइतकाच महत्त्वाचा, पण अनेकदा दुर्लक्षिला जाणारा भेद अर्धतरंगत्या आणि पूर्णतरंगत्या आसांचा आहे. अर्धतरंगत्या प्रकारात आतला शाफ्ट पीळ व गाडीचे वजन दोन्ही सोसतो. आत केवळ चकतीने अडकविलेला असा शाफ्ट तुटला तर तो चाकासह बाहेर येऊ शकतो. पूर्णतरंगत्या प्रकारात वजन हबमधील (चाकाच्या मध्यभागातील) दोन बेअरिंगांवर जाते आणि शाफ्ट फक्त पीळ वाहतो. सतत ओझे वाहणाऱ्या ट्रकला दुसरा प्रकारच घ्यावा. मात्र तो बहुधा आठ बोल्टांच्या चाकांचा असतो, म्हणजे पुढची चाकेही बदलण्याचा खर्च येतो, आणि १४ बोल्टचे मोठे हाऊसिंग (बाहेरचे कवच) जमिनीच्या अधिक जवळ येते.

निवडीपूर्वी चाक बसण्याच्या दोन पृष्ठभागांमधील अंतर आणि स्प्रिंगांच्या बैठकांमधील अंतर मोजावे. १९६० ते १९७२ मधील बहुतेक अर्धा टनी, दोनचाकी चालनाच्या (फक्त मागच्या दोन चाकांना शक्ती मिळणाऱ्या) शेव्हरोले ट्रकांना मागे पाट्यांच्या (पोलादी पट्ट्यांच्या) स्प्रिंगांऐवजी गुंडाळी स्प्रिंगा व लांब भुजा असल्याने पाट्यांसाठी बनविलेला आस तेथे सरळ बसत नाही. पाट्यांच्या ट्रकात नव्या बैठका आधी वेल्डिंगच्या लहान टाक्यांनी धराव्यात, गाडीचे पूर्ण वजन स्प्रिंगांवर येऊ द्यावे, पिनियनचा कोन गिअरबॉक्सच्या शाफ्टशी जुळवावा आणि मगच पक्के वेल्डिंग करावे. कोन चुकल्यास युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टांना कोनात जोडणारे सांधे) लवकर झिजतात आणि वेगात थरथर जाणवते.

गुणोत्तराचा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी पिनियन किती फेरे घेतो याचा, हिशेब वेगळा करावा लागतो. ३१ इंची टायर आणि थेट गिअर (गिअरबॉक्समध्ये वेग न बदलणारा) असताना ताशी ६० मैलांना ४.११ गुणोत्तरात एंजिन मिनिटाला सुमारे २,६७० फेरे घेते, तर ३.०८ मध्ये सुमारे २,०००. चारचाकी चालनाच्या ट्रकात पुढच्या आसाचे गुणोत्तर मागच्याशी जुळलेच पाहिजे. ब्रेकचा व्यास बदलल्यास पुढच्या-मागच्या दाबाचे प्रमाण आणि हातब्रेकची तारही नव्याने जुळवावी लागते.