सोलापुरातील परदेशी उपग्रह-वाहिन्यांचे ग्रहण

दुसऱ्या खंडातल्या प्रेक्षकांसाठी उपग्रहावरून सोडलेली दूरचित्रवाणी घरच्या डिश अँटेनावर थेट पकडण्याचा छंद. यात केबलवाला नसतो की डीटीएच कंपनी नसते. डिशला बोलताना सर्रास छत्री म्हणतात. सोलापुरातून कुठला मुलुख दिसेल, हे आधी भूगोल ठरवतो. छत्रीचा आकार त्यानंतर येतो.

दूरचित्रवाणीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 35,786 किमी उंचीवर पृथ्वीच्याच गतीने फिरतात, म्हणून जमिनीवरून ते एका जागी स्थिर भासतात. सोलापूर 17.7° उत्तर अक्षांश व 75.9° पूर्व रेखांशावर आहे. त्या हिशेबाने 5° पश्चिम ते 156° पूर्व या पट्ट्यातले उपग्रहच इथल्या क्षितिजाच्या वर येतात. अमेरिकेवरचे उपग्रह पृथ्वीच्या गोलाईआड राहतात. त्यांच्यासाठी कितीही मोठी छत्री लावून उपयोग नाही. थायकॉम या उपग्रहांचे 78.5° पूर्वेचे स्थान जवळजवळ दक्षिणेला क्षितिजापासून 69° उंचीवर आहे. एशियासॅटचे 105.5° चे स्थान आग्नेयेला 50° वर, तर युरोपच्या हॉट बर्डचे 13° चे स्थान पश्चिमेला जेमतेम 17° वर येते. शहराबाहेरच्या सपाट माळावर एवढी उंची पुरते. दाट वस्तीत शेजारच्या गच्चीवरची पाण्याची टाकीही आड येते.

उपग्रह क्षितिजाच्या वर असला म्हणजे चित्र मिळतेच असे नाही. हॉट बर्डचे केयू बँडचे, म्हणजे जास्त वारंवारितेच्या लहरींचे, झोत युरोप, उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाकडे रोखलेले असतात. सोलापूर त्यांच्या बाहेर पडते. म्हणून इथल्या हौशी मंडळींची सारी भिस्त 3.4 ते 4.2 गिगाहर्ट्‌झच्या सी बँडवर, म्हणजे त्याहून कमी वारंवारितेच्या लहरींवर. हिंदी महासागरावरच्या काही उपग्रहांचे रुंद झोत आफ्रिका आणि भारत दोन्ही कवेत घेतात. आफ्रिकेसाठी निघालेली वाहिनी सोलापुरात उतरते ती या वाटेने. जर्मनीची डॉइच वेले किंवा जपानची एनएचके वर्ल्ड आशियासाठी मुद्दाम प्रक्षेपण करतात, त्यामुळे त्यांच्यात फारशी कसोटी नाही. खरी कसोटी लागते ती झोताच्या कडेवरचे क्षीण प्रक्षेपण पकडताना.

या छंदाच्या इतिहासात सोलापूरच्या शेजाराला मोठा मान आहे. 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर चाललेल्या ‘साइट’ या उपग्रहावरून शैक्षणिक दूरचित्रवाणी दाखवण्याच्या प्रयोगात अमेरिकेच्या एटीएस-6 उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 गावांना कार्यक्रम दाखवले गेले. त्यांत सोलापूरला लागून असलेले विजापूर आणि गुलबर्गा हे जिल्हेही होते. हेच प्रक्षेपण इंग्लंडमध्ये शेफील्डच्या स्टीव्ह बर्किल यांनी घरी बनवलेल्या यंत्रणेवर पकडले. विजापूरच्या खेड्यासाठी निघालेले चित्र युरोपात दिसले, ही घटना या छंदाच्या आरंभीच्या पराक्रमांत गणली पाहिजे. पुढे 1991 मध्ये एशियासॅट-1 वरून स्टार टीव्ही सुरू झाला आणि केबलवाल्यांच्या गच्च्यांवर मोठ्या छत्र्या आल्या.

छत्री बसवण्याचे काम चिकाटीचे. खांब ओळंब्यात नसेल तर पुढची सगळी मापे चुकतात. सहा फुटी छत्री आकाशातल्या जेमतेम 3° रुंदीतूनच सिग्नल घेते, त्यामुळे उंचीचा कोन कोनमापकाने आधीच लावून मग छत्री केसाकेसाने फिरवावी लागते. डिजिटल प्रक्षेपणात अंधुक चित्राची सोय नाही: रिसीव्हरवरची ‘क्वालिटी’ची पट्टी बराच वेळ शून्यावर राहते, एकदम उठते आणि नट आवळताना पुन्हा पडते. त्यासाठी दोन्ही बाजूंचे नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळतात. सहाऐवजी आठ फुटी छत्री पावणेदोन पट सिग्नल गोळा करते. वर्तुळाकार ध्रुवणाच्या (म्हणजे लहर गोल फिरत येते अशा) प्रक्षेपणासाठी फीड हॉर्नमध्ये, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल गोळा करणाऱ्या नळकांड्यात, टेफ्लॉनची पट्टी 45° तिरकी बसवतात. हा स्वस्त तुकडा नसेल तर निम्मा सिग्नल वाया जातो.

सोलापूर पर्जन्यछायेत आहे आणि सी बँडला पावसाचा त्रास मुळातच कमी. मार्चच्या मध्याच्या सुमारास आणि सप्टेंबरअखेर सूर्य उपग्रहाच्या नेमका मागे आला की काही मिनिटे चित्र जाते; ते आपोआप परत येते. मोबाइलचा अडथळा मात्र कायमचा आहे. 2022 च्या लिलावात 3.3 ते 3.67 गिगाहर्ट्‌झचा पट्टा 5जी सेवेला मिळाला. जवळच्या टॉवरमुळे साधा एलएनबी (फीड हॉर्नमागचा सिग्नल वाढवणारा भाग) गुदमरतो, म्हणून फीड हॉर्न आणि एलएनबी यांच्यामध्ये फिल्टर लावतात किंवा 3.7 गिगाहर्ट्‌झपासून सुरू होणारा एलएनबी घेतात. त्याखालच्या वाहिन्या अशा वेळी सोडून द्याव्या लागतात.