एलएसयू टायगर्सचा २०१९चा विजेता हंगाम

लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी अर्थात एलएसयूच्या अमेरिकी फुटबॉल संघाने २०१९च्या हंगामात १५ पैकी १५ सामने जिंकून महाविद्यालयीन फुटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. बॅटन रूजच्या या संघाचे १९५८, २००३ आणि २००७ नंतरचे हे चौथे विजेतेपद. मुख्य प्रशिक्षक होते एड ऑर्जरॉन. संघाने एकूण ७२६ गुण केले, म्हणजे सामन्यामागे ४८.४. हरवलेल्या संघांपैकी सात त्या-त्या वेळी क्रमवारीत पहिल्या दहांत होते, आणि या हंगामाचे खरे वजन त्यातच आहे.

एलएसयूचा जुना खेळ चेंडू घेऊन पळण्यावर आणि भक्कम बचावावर उभा होता. २०१९मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघाकडून आलेले प्रशिक्षक जो ब्रेडी आणि आक्रमणाचे समन्वयक स्टीव्ह एन्समिंगर यांनी तो पालटला. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि पास फेकणारा खेळाडू, जो बरोने २०१८मध्ये ५७.८ टक्के पास पूर्ण करून १६ टचडाउन पास (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोहोचवून गुण मिळवून देणारे) दिले होते. २०१९मध्ये हेच आकडे ७६.३ टक्के आणि ६० झाले, शिवाय पासमधून ५,६७१ यार्ड. त्या वर्षीची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूचा पुरस्कार, त्यालाच मिळाली.

या बदलाचे मर्म ‘एम्प्टी’ रचनेत होते. तिच्यात रनिंग बॅकही (चेंडू घेऊन पळणारा खेळाडू) क्वार्टरबॅकजवळून उठून बाजूला उभा राहतो. अकरांपैकी पाच जण अडवतात, पाच पास घ्यायला धावतात, एक फेकतो. बचावाने सहा जण अंगावर धाडले तर एक मोकळा सुटून थेट क्वार्टरबॅकवर येतो. पण मग पाच रिसिव्हरांसमोर (पास घेणाऱ्यांसमोर) पाचच बचावपटू उरतात आणि कोणाच्याच पाठीशी मदत नसते. चेंडू वेळेत सुटला तर फायदा आक्रमणाचा, अर्धा सेकंद उशीर झाला तर सॅक, म्हणजे चेंडूसह क्वार्टरबॅकच खाली पाडला जातो.

टेक्ससविरुद्ध हे स्पष्ट दिसले. एलएसयू ३७-३१ असा पुढे, तिसरा डाउन (चार प्रयत्नांपैकी तिसरा), चेंडू राखायला १७ यार्ड हवे होते. टेक्ससने जोरदार चढाई केली. बरो मागे न हटता पुढे सरकला आणि त्याने चेंडू जस्टिन जेफरसनला दिला. ६१ यार्डांचा टचडाउन! सामना ४५-३८ असा संपला.

तोड ऑबर्नने काढली. त्यांनी तिघांनाच पुढे धाडले आणि आठ जण मागे पसरवले. पासच्या वाटा बुजल्या आणि एलएसयू २३ गुणांवर अडकली, हंगामातली तिची सर्वांत कमी गुणसंख्या. अशा बचावासमोर पुढे माणसे कमी असतात, म्हणून पळणे हाच उपाय. रनिंग बॅक क्लाइड एडवर्ड्स-हेलेअरने पळून १३६ यार्ड काढले आणि २३-२० असा विजय मिळाला. अलाबामाकडून सलग आठ पराभव झाल्यानंतर त्यांना त्यांच्याच मैदानात ४६-४१ असे हरवले, तेव्हाही त्याचे पळणे निर्णायक ठरले.

बचाव मात्र निर्दोष नव्हता. क्वार्टरबॅक स्वतः पळू लागला की कडेची माणसे आत ओढली जात आणि बाहेरची वाट मोकळी राही. ओल मिसने (मिसिसिपी विद्यापीठाच्या संघाने) ५८-३७ असा पराभव पत्करला खरा, पण पळून ४०२ यार्ड काढले. त्यानंतर बचाव सावरला: टेक्सस ए अँड एमला ७ गुण, साउथईस्टर्न कॉन्फरन्स या एलएसयूच्या विभागीय गटाच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाला १०.

उपांत्य सामन्यात ओक्लाहोमाचा ६३-२८ असा फडशा पडला. त्यात बरोने पूर्वार्धातच सात टचडाउन पास दिले. १३ जानेवारी २०२० रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये अंतिम सामना झाला. सलग २९ सामने जिंकलेल्या क्लेमसनने १७-७ अशी आघाडी घेतली. मग रिसिव्हर जमार चेससमोर एकटाच बचावपटू उभा आहे, हे हेरून बरो लांब पास टाकू लागला. चेसने नऊ झेलांत २२१ यार्ड आणि दोन टचडाउन केले. मध्यंतराला एलएसयू २८-१७ असा पुढे, शेवटी ४२-२५ असा विजयी.

२०२०च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत) या संघाचे १४ खेळाडू निवडले गेले, पाच तर पहिल्याच फेरीत. ब्रेडी कॅरोलायना पँथर्स या व्यावसायिक संघाकडे गेले, बचावाचे समन्वयक डेव्ह अरांडा बेलर विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले. पुढच्या हंगामात एलएसयूने पाच सामने जिंकले, पाच हरले.