घरचा कॉम्प्युटर आणि व्हायरस : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"व्हायरस आलाय" म्हणून दुकानात जे कॉम्प्युटर येतात, त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये अँटीव्हायरस आधीपासून असतं. लॅपटॉपबरोबर आलेलं ट्रायल कधीच संपलेलं असतं, नाहीतर एखादं सॉफ्टवेअर बसवताना कोणीतरी ते बंद केलेलं असतं आणि परत चालू करायचं राहून जातं. म्हणून नवीन पॅक देण्याआधी आम्ही तेच तपासतो. तुम्हालाही घरी बसून दोन मिनिटांत तपासता येईल.

स्टार्टमध्ये जाऊन 'विंडोज सिक्युरिटी' उघडा आणि त्यात 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'वर क्लिक करा. सध्या कोणतं अँटीव्हायरस काम करतंय ते इथे दिसतं. विंडोज १० आणि ११ मध्ये 'डिफेंडर' आधीपासून असतो, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' ऑन आहे का आणि शेवटचं अपडेट कोणत्या तारखेचं आहे, या दोन गोष्टी बघा. तारीख महिन्यापूर्वीची असेल तर मधल्या काळात आलेले व्हायरस ओळखायला तो कमी पडेल. व्हायरस ओळखायच्या खुणांची यादी कंपन्या रोज, काही तर दिवसातून अनेकदा नवी करतात. यादीत नसलेली फाइल संशयास्पद वागली तरी चांगलं अँटीव्हायरस तिला अडवू शकतं, पण त्या एकाच गोष्टीच्या भरवशावर राहू नका.

आपल्याकडे कापूस वेचणीच्या किंवा लग्नसराईच्या दिवसांत घरचा कॉम्प्युटर पंधरा-पंधरा दिवस उघडला जात नाही. इतक्या दिवसांनी चालू केलात की आधी नेट जोडा, अपडेट होऊ द्या, आणि मगच पेनड्राइव्ह लावा किंवा बँकेचं काम करा.

पैसे देऊन अँटीव्हायरस घ्यावं का, हे सगळेच विचारतात. घरात एकच कॉम्प्युटर असेल, मुलांचा अभ्यास, सातबारा काढणं, लाइट बिल भरणं एवढंच काम असेल आणि विंडोज वेळच्या वेळी अपडेट होत असेल, तर डिफेंडर पुरेसा आहे. अशा घराला आम्ही पॅक घ्या म्हणत नाही. झेरॉक्स, फोटो स्टुडिओ किंवा ऑनलाइन फॉर्म भरायचं काम असेल, दिवसाला दहा जणांचे पेनड्राइव्ह लागत असतील, तर मात्र विकतचं घ्या आणि मुदत संपण्याआधी रिन्यू करा. एक सांभाळा : एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. दोन कंपन्यांची अँटीव्हायरस एकाच वेळी बसवली तर ती एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि कॉम्प्युटर रखडतो. नवीन टाकण्याआधी जुनं पूर्ण काढा. मुदत संपलेलं ट्रायल काढून टाकलं की डिफेंडर पुन्हा कामाला लागतो.

आम्ही अँटीव्हायरस बसवून देतो तेव्हा तुमच्यासमोर 'आयकार' नावाची चाचणी फाइल उघडून दाखवतो. ही फक्त ६८ अक्षरांची निरुपद्रवी फाइल याच कामासाठी बनवलेली आहे. अँटीव्हायरस जागं असेल तर लगेच ओरडतं. ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय मशीन घरी नेऊ नका.

पेनड्राइव्हमधले फोल्डर गायब होतात तेव्हा

गेल्या लग्नसराईत एक ताई घाईघाईनं आल्या. "भाऊ, सगळा फोटू गयात!" पेनड्राइव्ह उघडला, तर हळद, लग्न, वरात अशी फोल्डरची नावं दिसत होती, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात छोटा बाण, आणि आकार जेमतेम दोन केबी. दुसरीकडे प्रॉपर्टीजमध्ये ड्राइव्ह जवळजवळ भरलेला दिसत होता. म्हणजे फोटो जागेवरच होते. हा व्हायरस खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट समोर ठेवतो. शॉर्टकटवर क्लिक केलं की व्हायरस चालू होतो आणि बऱ्याचदा फोल्डरही उघडतं, त्यामुळे संशय येत नाही. ताईंच्या घरी कोणीतरी "फॉरमॅट मार" असा सल्ला दिला होता. तो ऐकला असता तर फोटो परत मिळवणं फार अवघड झालं असतं. आम्ही आधी स्कॅन करून व्हायरस काढला, मग लपलेले फोल्डर उघडे केले. अर्ध्या तासात सगळे फोटो मिळाले.

असं झालं तर बाण असलेल्या फोल्डरवर क्लिक करू नका, फॉरमॅट करू नका, आणि तो पेनड्राइव्ह घरातल्या दुसऱ्या मशीनला लावून बघू नका. बाहेरून आलेला कोणताही पेनड्राइव्ह लावल्यावर 'धिस पीसी'मध्ये त्याच्यावर राइट क्लिक करून स्कॅनचा पर्याय निवडा आणि मगच उघडा. विंडोज ११ मध्ये तो पर्याय 'शो मोअर ऑप्शन्स'खाली असू शकतो.

क्रॅक आणि फसव्या फाइल

फोटो एडिटिंगचं किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतंय म्हणून लोक क्रॅक, म्हणजे कुलूप तोडून फुकट चालवलेली चोरीची प्रत, उतरवतात. त्यासोबतच्या सूचनेत पहिली ओळ असते : "आधी अँटीव्हायरस बंद करा." ही ओळ दिसली की तिथेच थांबा. घरातल्या फाइलना कुलूप लावून पैसे मागणारे रॅन्समवेअर अशाच क्रॅकमधून मोठ्या प्रमाणात पसरले आहेत. आम्ही क्रॅक बसवून देत नाही, ओळखीच्या माणसालाही नाही. पत्रं आणि तक्ते करायला लिब्रे ऑफिस फुकट आणि अधिकृत आहे, त्यात मराठीही लिहिता येतं.

बिल, कुरिअरची पावती, लग्नपत्रिका अशा नावानं फाइल येते. 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' असं नाव असेल तर विंडोज शेवटचा भाग लपवतं आणि ती पीडीएफच वाटते, पण 'ईएक्सई' म्हणजे क्लिक करताच चालू होणारा प्रोग्रॅम. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करून ठेवा.

कधी पूर्ण स्क्रीनवर लाल पाटी येते, भोंगा वाजतो आणि एका नंबरवर फोन करा असं लिहिलेलं असतं. फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात कधीच फोन नंबर नसतो. ऑल्ट आणि एफ४ एकत्र दाबून ब्राउझर बंद करा. त्या माणसाला स्क्रीनचा ताबा दिला असेल किंवा पैसे गेले असतील, तर नेट तोडा, बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब तक्रार करा.

विंडोज अपडेट आणि बॅकअप

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा रॅन्समवेअर दीडशेच्या आसपास देशांत पसरला. तो ज्या फटीतून शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते टाकलं होतं त्यांच्या मशीनमध्ये त्याला त्या वाटेनं शिरता आलं नाही. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, घरगुती ग्राहकांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेट मिळण्याची सोय दिली गेली. तुमच्या मशीनवर विंडोज ११ चालेल का, हे आम्ही मोफत तपासून सांगतो.

महत्त्वाच्या फाइलची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवा आणि कॉपी झाली की ती काढून कपाटात ठेवा. जोडून ठेवली तर रॅन्समवेअर तिच्यावरच्या फाइललाही कुलूप लावतं.

पूर्ण स्कॅनला काही तास लागू शकतात आणि मशीन तापतं. मे महिन्यातल्या आपल्याकडच्या दुपारी ते करू नका, रात्री लावा. लाइट जायचा भरवसा नसेल तर लॅपटॉप चार्जरला जोडून ठेवा. डेस्कटॉप असेल तर यूपीएसची बॅटरी आधी तपासून घ्या.

दुकानात येताना लॅपटॉपचा चार्जर आणि अँटीव्हायरस विकत घेतलं असेल तर त्याची की असलेलं पाकीट आणा. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून आणू नका. लागेल तेव्हा तो तुम्ही स्वतः टाका, आम्ही तोंड फिरवतो.