ऑटोक्लेव्हमध्ये जिवाणू दाबाने मरत नाहीत

ऑटोक्लेव्ह म्हणजे सामान वाफेने निर्जंतुक करणारा, प्रेशर कुकरसारखा बंद डबा. ‘१५ पौंड दाब आला की जिवाणू चिरडून मरतात’ हा समज प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे चालत आलाय. खरं तर आतला दाब जेमतेम दोन वातावरणांएवढा, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या दुप्पट असतो. खोल समुद्रातले जिवाणू हजार वातावरणांखालीही जगतात. मारते ती १२१ अंश सेल्सिअसची ओली वाफ. दाब हवा तो फक्त पाणी १०० अंशांच्या वर नेण्यासाठी.

हा फरक विसरणं प्रत्यक्ष कामात फार महाग पडतं. आत हवा अडकली तर काटा १५ पौंड दाखवतो, पण तापमान गाठलं जात नाही. निम्मीच हवा बाहेर गेली असेल तर ते ११२ अंशांच्या आसपासच राहतं. बीजाणू, म्हणजे जिवाणूंची उष्णतेला चिवट रूपं, वाचतात आणि दोन दिवसांनी पोषक माध्यमाच्या न वापरलेल्या प्लेटवरही जिवाणूंच्या वसाहती उगवतात. दोष मात्र माध्यमाच्या पावडरला दिला जातो.

म्हणून पाणी उकळल्यावर झडप उघडीच ठेवा. फुरफुर थांबून वाफेचा सलग झोत काही मिनिटं येऊ द्या, मगच ती बंद करा. १५ मिनिटं मोजायची ती १२१ अंश आल्यापासून. एक लिटरच्या फ्लास्कचा गाभा उशिरा तापतो, त्याला जास्त वेळ द्या. २५० मिलिलिटरचे चार फ्लास्क केव्हाही बरे. फ्लास्क निम्म्याहून फार भरू नका. शेवटी घाईने वाफ सोडलीत, तर फ्लास्कमधलं माध्यम (न्यूट्रिएंट अगार) उसळून तोंडाचा कापसाचा बोळा भिजतो, आणि ओल्या बोळ्यातून जंतू सहज आत शिरतात.