वानवितेल्लीचा राजवाडा आणि फूगाचं गरीबघर: दर्शनी भिंतीवरून ओळखू नका

नेपल्समधल्या एका लांबलचक इमारतीच्या फोटोखाली ‘वानवितेल्लीचा राजवाडा’ असं लिहिलेलं पुन्हा पुन्हा दिसतं. तो राजवाडा नाही आणि वास्तुकार वानवितेल्लीचा तर मुळीच नाही. ते त्याच काळातल्या फेर्दिनांदो फूगा या वास्तुकारानं बांधलेलं ‘आल्बेर्गो देई पोवेरी’, म्हणजे गरिबांच्या निवाऱ्याचं घर.

वानवितेल्लीचा राजवाडा नेपल्सच्या उत्तरेला काझेर्ताला आहे. १२०० खोल्या, चार चौक, २० जानेवारी १७५२ ला पायाभरणी, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याला ‘इटलीचं व्हर्साय’ म्हणणं मात्र सोडून द्या. त्या विशेषणातून इमारतीबद्दल काहीच कळत नाही.

घोळ का होतो, हे समजण्यासारखं आहे. फूगा १६९९ चा, फ्लोरेन्सचा; लुइजी वानवितेल्ली १७०० चा, नेपल्सचा. दोघांनी नाव कमावलं रोममध्ये, पोपच्या चाकरीत. १७३२ मध्ये रोमच्या लॅटरन चर्चच्या दर्शनी भागासाठी झालेल्या स्पर्धेत दोघेही उतरले आणि काम तिसऱ्यालाच, आलेस्सांद्रो गालिलेईला, मिळालं. पुढे नेपल्सचा बूर्बों घराण्यातला राजा कार्लो यानं दोघांनाही नेपल्सला बोलावलं. ही दोन नावं एकमेकांत मिसळली तरी फारसं बिघडत नाही.

बिघडतं ते दर्शनी भिंतीवरून इमारत ओळखायला गेलं की. काझेर्ताची भिंत सुमारे २४७ मीटर, आल्बेर्गोची ३५४. दोन्हीकडे खिडक्यांच्या न संपणाऱ्या रांगा. म्हणून आत काय आहे ते बघा.

काझेर्ताच्या दरवाजात उभं राहिलं की नजर थेट आरपार जाते: मधली वाट, अष्टकोनी दालन, मागची बाग आणि लांब टेकडीवरून कोसळणारं पाणी. हे पाणी आणायला वानवितेल्लीनं ३८ किलोमीटरचा जलमार्ग काढला; मादालोनीजवळ त्यासाठी तीन मजली कमानींचा पूल बांधला. अष्टकोनी दालनात एका बाजूला जिना उघडतो. आधी एकच रुंद, सरळ चढण, दोन्ही कडांना सिंह, मग वळून दोन समांतर वाटा. वरचं छत दुहेरी आहे आणि मधल्या जागेत वादक दिसू नयेत अशा बेतानं बसत. चालणाऱ्याला पुढे खेचत नेणं, हाच या सगळ्याचा हेतू. माणूस राजापर्यंत पोचायच्या आधीच भारावला पाहिजे.

फूगाचं गणित अगदी उलट आहे. त्याला माणसं वेगळी ठेवायची होती. सुमारे ८००० गरिबांची सोय करायची, तीही पुरुष, बायका, मुलगे, मुली यांचे विभाग निरनिराळे ठेवून. मधोमध चर्च, आणि वेगवेगळ्या विभागांतून त्याकडे येणाऱ्या स्वतंत्र शाखा: वेदी सगळ्यांची एक, पण एका गटाची दुसऱ्याशी गाठ पडायची नाही. मूळ आराखडा सुमारे ६०० मीटरचा आणि पाच चौकांचा होता. उभे राहिले तीन चौक, चर्च अपुरंच राहिलं आणि १८१९ मध्ये काम थांबलं. तेव्हा त्या भिंतीत राजवाड्याचा थाट शोधू नका. तिची लांबी आतल्या वाटणीतून आली आहे.

याच फूगानं १७६२ मध्ये नेपल्सला गरिबांसाठी ३६६ खड्ड्यांचं दफनस्थान बांधलं. दर दिवशी त्या दिवसाच्या क्रमांकाचा एक खड्डा उघडायचा, रात्री बंद करायचा. लीप वर्षाचा दिवससुद्धा मोजलेला. आल्बेर्गोमागचीच बुद्धी इथे दिसते.

यावरून फूगा रुक्ष होता असा निष्कर्ष काढणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. रोममधल्या सांता मारिया माज्जोरे या चर्चचं त्याचं १७४१ ते ४३ मधलं काम बघा. जुन्या दर्शनी भिंतीवर तेराव्या शतकाच्या अखेरची मोझेक चित्रं होती. फूगानं ती ना काढली, ना बुजवली. त्यांच्यापुढे उघड्या कमानींचा सज्जा उभा केला, त्यामुळे चर्चसमोरच्या चौकातून आजही ती कमानीआड दिसतात. वानवितेल्लीच्या कुठल्याही दर्शनी भागापेक्षा मला हा सरस वाटतो. जिन्यात मात्र वानवितेल्लीचा हात धरणारा त्या काळात मला दुसरा दिसत नाही.