निर्देशक प्रतलावरील भौमितिक रूपांतरणे

प्रतलावरील प्रत्येक बिंदूला ठरावीक नियमाने त्याच प्रतलावरचा एक बिंदू नेमून दिला की त्या नियमाला भौमितिक रूपांतरण म्हणतात. नेमून दिलेला बिंदू ही मूळ बिंदूची प्रतिमा. आलेख कागदावर, म्हणजे क्ष-अक्ष आणि य-अक्ष आखलेल्या चौकटीत, हा नियम आकड्यांत लिहिता येतो. आकृती सरकवणे, उलटवणे, फिरवणे किंवा लहानमोठी करणे ही कामे तिथे निर्देशकांची, म्हणजे बिंदूचे स्थान सांगणाऱ्या दोन संख्यांची, बेरीज, गुणाकार आणि चिन्हबदल होऊन जातात. बिंदूचे स्थान संख्यांनी सांगण्याची पद्धत फ्रेंच गणितज्ञ रने देकार्त यांच्या १६३७ सालच्या भूमितीवरील ग्रंथामुळे रूढ झाली. त्याच सुमारास प्येर द फेर्मा हेही स्वतंत्रपणे त्याच वाटेने जात होते. आजच्यासारखे काटकोनातले दोन अक्ष आणि ऋण निर्देशक मात्र नंतरच्या गणितज्ञांनी स्थिर केले.

पुढील विवेचनासाठी अ(१, १), ब(४, १), क(१, ३) हा काटकोन त्रिकोण घेऊ. त्याच्या काटकोन करणाऱ्या बाजू ३ आणि २, कर्ण √१३ आणि क्षेत्रफळ ३ चौरस एकक आहे.

स्थानांतरण सर्वांत सोपे. प्रत्येक बिंदूच्या दोन्ही निर्देशकांत ठरलेल्या संख्या मिळवायच्या. नियम (क्ष − ५, य + २) असेल तर शिरोबिंदू (−४, ३), (−१, ३), (−४, ५) येथे जातात. बाजू, कोन, दिशा यांतले काहीच बदलत नाही.

परावर्तनात एक रेषा आरसा होते. बिंदू आणि त्याची प्रतिमा यांना जोडणाऱ्या रेषाखंडाची ती लंबदुभाजक असते. क्ष-अक्षात परावर्तन केल्यास (क्ष, य) चे (क्ष, −य) होते, य-अक्षात (−क्ष, य), आणि य = क्ष या तिरप्या रेषेत दोन निर्देशकांची अदलाबदल होऊन (य, क्ष). लांबी आणि कोन टिकतात, पण एक गोष्ट बदलते. मूळ त्रिकोणात अ पासून ब, ब पासून क असे गेल्यास आपण घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो; प्रतिमेत तोच क्रम काट्यांच्या दिशेने जातो. आकृती उलटली आहे की नुसती फिरली आहे, हे ओळखण्याची याहून खात्रीची खूण नाही.

परिभ्रमणात एक बिंदू स्थिर राहतो आणि बाकी सारे त्याच्याभोवती सारख्याच कोनातून फिरतात. आरंभबिंदू (०, ०) भोवती काट्यांच्या उलट दिशेने ९०° फिरवल्यास (क्ष, य) चे (−य, क्ष) होते. हे सूत्र घोकून ठेवले जाते आणि परीक्षेत चिन्ह चुकते. त्यापेक्षा ते का येते ते पाहावे. (३, २) म्हणजे उजवीकडे ३ घरे आणि वर २ घरे. सगळी चौकट ९०° वळवली की ‘उजवीकडे’चे ‘वर’ होते आणि ‘वर’चे ‘डावीकडे’. म्हणून आता वर ३, डावीकडे २, अर्थात (−२, ३). लंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१ का येतो, त्याचेही कारण हेच: य/क्ष हा चढ वळल्यावर क्ष/(−य) होतो. हेच दोनदा केले की १८०° साठी (−क्ष, −य), तीनदा केले की २७०° साठी (य, −क्ष). केंद्र आरंभबिंदूवर नसेल तर केंद्र तिथे सरकवावे, फिरवावे आणि परत सरकवावे. (२, १) भोवती (४, १) हा बिंदू ९०° फिरवताना (२, ०), मग (०, २) आणि शेवटी (२, ३) मिळतो.

चौकटीचे सर्व छेदबिंदू पुन्हा छेदबिंदूंवरच यावेत अशी अट घातली, तर छेदबिंदूभोवती ९०° च्या पटीतलीच परिभ्रमणे चालतात. ६०° चे चालत नाही, आणि याची सिद्धता देखणी आहे. ६०° चालले असते तर तिन्ही शिरोबिंदू छेदबिंदूंवर असलेला समभुज त्रिकोण मिळाला असता. अशा त्रिकोणाच्या बाजूचा वर्ग पूर्णांक असतो, म्हणून √३/४ गुणिले बाजूचा वर्ग हे त्याचे क्षेत्रफळ अपरिमेय येते. पण शिरोबिंदू छेदबिंदूंवर असलेल्या कोणत्याही त्रिकोणाचे क्षेत्रफळ १/२ च्या पटीतच असते. सहा पाकळ्यांची ठिपक्यांची रांगोळी काढताना म्हणूनच ठिपके सरळ चौकटीत न देता एकाआड एक सरकवून द्यावे लागतात.

एकापाठोपाठ एक रूपांतरणे करताना क्रमाला महत्त्व येते. (४, १) आधी क्ष-अक्षात परावर्तित करून मग ९०° फिरवला तर (१, ४) मिळतो. आधी फिरवून मग परावर्तित केला तर (−१, −४). या विषयाचा गाभा मात्र परावर्तनांच्या संयोगात आहे. समांतर आरशांतली दोन परावर्तने मिळून स्थानांतरण होते: आधी य-अक्षात, मग क्ष = ३ या रेषेत परावर्तन केल्यास बिंदू ६ घरे उजवीकडे जातो, आरशांमधल्या अंतराच्या दुप्पट. आरसे छेदत असतील तर परिभ्रमण होते, त्यांच्यातील कोनाच्या दुप्पट: क्ष-अक्ष आणि य = क्ष यांत ४५° आहेत, आणि त्या क्रमाने (क्ष, −य), मग (−य, क्ष), म्हणजे ९०° चे परिभ्रमण. अंतर टिकवणारे प्रतलाचे कोणतेही रूपांतरण जास्तीत जास्त तीन परावर्तनांत उरकते. पहिला आरसा अ ला त्याच्या जागी नेतो, दुसरा अ ला न हलवता ब ला नेतो, आणि क अजून विरुद्ध बाजूस राहिला असेल तरच तिसरा लागतो. परावर्तनाला चारांतले एक न मानता पाया मानावे ते यासाठी.

विस्तारण वेगळ्या जातीचे आहे. त्यात अंतरे टिकत नाहीत, त्यांचे प्रमाण टिकते. आरंभबिंदू केंद्र आणि गुणक २ असेल, म्हणजे दोन्ही निर्देशकांना २ ने गुणले, तर आपला त्रिकोण (२, २), (८, २), (२, ६) असा होतो. बाजू दुप्पट, क्षेत्रफळ चौपट म्हणजे १२. आकृती मोठी होतेच, शिवाय केंद्रापासून दूरही जाते. विद्यार्थी बहुधा अ जागच्या जागी ठेवून त्रिकोण वाढवतात, पण तसे अ हेच केंद्र असतानाच घडते. गुणक −१ घेतल्यास १८०° चे परिभ्रमण मिळते. पहिल्या तीन रूपांतरणांत प्रतिमा मूळ आकृतीशी एकरूप असते, विस्तारणात समरूप.

जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी १८७२ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी, एर्लांगेन येथे मांडलेल्या विचारानुसार भूमिती म्हणजे रूपांतरणांच्या एखाद्या गटाखाली जे गुणधर्म बदलत नाहीत त्यांचा अभ्यास. त्यामुळे शाळेत त्रिकोणांपुरती वाटणारी एकरूपता आणि समरूपता यांना एकाच चौकटीत जागा मिळाली.

संगणकाच्या पडद्यावर आरंभबिंदू सहसा डावीकडे वरच्या कोपऱ्यात असतो आणि य ची किंमत खाली जाताना वाढते. वहीतली चौकटच तिथे क्ष-अक्षात परावर्तित झालेली असते. परिणामी (−य, क्ष) हाच नियम पडद्यावर आकृतीला काट्यांच्या दिशेने फिरवतो, आणि वहीतल्यासारखे उलट दिशेने फिरवायचे असल्यास (य, −क्ष) वापरावा लागतो.